कोकराचे खाते

पेल्ले नावाच्या एका स्वीडिश मुलाजवळ स्वतःचे असे एक कोकरू होते. त्याची निगा तो एकटाच राखीत असे. ऋतू उलटत गेले. कोकराच्या अंगावरील लोकर दाट झाली आणि त्याच काळात पेल्लेच्या कोटाच्या बाह्या मनगट सोडून वर चढल्या. एके दिवशी त्याने कात्री घेतली, कोकराची सारी लोकर कातरली आणि ती घेऊन तो आजीकडे निघाला. स्वीडनच्या चित्रकर्त्या लेखिका एल्सा बेस्कोव्ह यांच्या ‘पेल्लेचे नवे कपडे’ या पुस्तकाचा हा आरंभ. १९१२ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आजही छापले जाते आणि अनुवादांतून देशोदेशींच्या मुलांच्या हाती पडते. मुलाला मांडीवर घेऊन दहा मिनिटांत वाचून व्हावे, एवढाच त्याचा जीव. तरीही ज्या घरांत दुकान, पेढी, वखार आणि खतावणी यांची भाषा मुलांच्या कानांवर जन्मापासून पडते, त्या घरांत ते अवश्य असावे. कारण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यात एकच गोष्ट चालते, ती म्हणजे व्यवहार.

पाश्चात्त्य बालवाङ्मयात मेंढ्यांना तोटा नाही. गोल अंग, काटकुळे पाय आणि भाबडा चेहरा असलेला हा प्राणी चित्रकारांना फार सोयीचा वाटत असावा. अमेरिकेतील नॅन्सी शॉ यांच्या १९८६ सालच्या पुस्तकात मेंढ्या जीप घेऊन फिरायला निघतात, ती चिखलात रुतवतात आणि पुढे तिची पार मोडतोड करून स्वस्तात विकायला काढतात. ऑस्ट्रेलियाच्या मेम फॉक्स व ज्युडी होरासेक यांच्या २००४ सालच्या पुस्तकात नाना परींच्या मेंढ्यांमधून एक हिरवी मेंढी शोधायची असते. मुले अशा पुस्तकांवर खूश असतात आणि ते योग्यच आहे. परंतु मेंढीच्या अंगावर जे उगवते ते माणसाच्या अंगावर कसे येते, हा प्रश्न हाती घेणारी पुस्तके थोडी. त्यांत पेल्लेचा मान पहिला.

लोकर कातरली म्हणजे कोट झाला असे नाही. ती पिंजायची, कातायची, रंगवायची, विणायची आणि मग बेतून शिवायची. पेल्ले आजीला लोकर पिंजून मागतो. आजी तयार होते. मात्र तोवर त्याने तिच्या गाजरांच्या वाफ्यातील तण काढावे, असे सांगते. दुसरी आजी पिंजलेल्या लोकरीचे सूत कातून देते आणि तेवढा वेळ पेल्ले तिच्या गाई राखतो. कामाचा मोबदला कामाने, आणि तोही त्याच वेळी. उधारी नाही, सूट नाही, लाडक्या नातवाला सवलतही नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वस्तुविनिमयाची मुख्य अडचण पहिल्याच वर्षी शिकवली जाते. धान्यवाल्याला मीठ हवे असले, तर मीठवाल्यालाही नेमके त्याच वेळी धान्य हवे असले पाहिजे. गरजांचा असा दुहेरी मेळ क्वचितच बसतो, म्हणून माणसाने पैसा निर्माण केला. पेल्लेच्या गावात मात्र हा मेळ घरोघर बसतो. त्याच्याजवळ देण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे दोन मोकळे हात. आणि शेतकरी गावात मोकळ्या हातांना गिऱ्हाईक नाही असे घर सापडत नाही.

एका ठिकाणी मात्र ही साखळी अडते. पेल्ले शेजारच्या रंगाऱ्याकडे जाऊन सुतासाठी रंग मागतो. आपला रंग लोकरीला चालायचा नाही, असे रंगारी त्याला सांगतो. पण पेल्लेने होडी वल्हवत दुकानापर्यंत जाऊन टर्पेंटाइनची बाटली आणून दिली, तर उरलेल्या पैशांत त्याने स्वतःसाठी रंग घ्यावा, असा मार्गही तोच काढून देतो. पुस्तकात पैसा येतो तो येथे. गाजरे, गाई, गवत, सरपण हे सारे गावचे असल्यामुळे त्यांचा हिशेब गावातल्या गावात मिटतो. टर्पेंटाइन आणि रंग बाहेरून येतात, त्यांना नाणेच लागते, आणि नाणे चालते तेथे दुकान असते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने दोन प्रकरणे खर्ची घातली असती, ते बेस्कोव्ह यांनी एका होडीत बसवले. पेल्ले निळा रंग निवडतो. त्याच निळ्या रंगाच्या व्यापारात तेव्हा मोठी उलथापालथ झाली होती. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पुढील काही वर्षांत बिहारमधील निळीची शेती तिच्यापुढे टिकेनाशी झाली. पेल्लेला अर्थातच याची दाद नाही. तो सूत स्वतःच रंगवतो आणि आईकडे येतो.

मराठी वाचक थबकतो तो येथे. आई कापड विणून देते, पण तेवढा वेळ पेल्लेने धाकट्या बहिणीला सांभाळायचे, असे ठरते. पोटच्या मुलाच्या कपड्यासाठी आईने अट घालावी, हे प्रथमदर्शनी आपल्याला रुचत नाही. आईने करायचे आणि ते कोठेही लिहून ठेवायचे नाही, ही आपल्याकडची रीत. परंतु मागावर बसलेल्या स्त्रीचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात गुंतलेले असतात. तान्ही मुलगी कडेवर घेऊन धोटा फेकता येत नाही. पेल्लेने बहीण सांभाळली नाही, तर कापड होणारच नाही. म्हणजे ही अट मोबदल्यापेक्षा कामाच्या गरजेतून आलेली आहे. आजीच्या वाफ्याचेही तसेच. आजी लोकर पिंजत बसली की गाजरांत तण माजणार, तेव्हा ते कोणी तरी काढलेच पाहिजे. एकाचा वेळ घेतला की त्याच्या पडून राहिलेल्या कामाला आपला वेळ द्यायचा, एवढे साधे गणित या मुलाला घरातूनच मिळते. व्यापारी घरांतील स्त्रिया दुकानाच्या मागील खोलीत बसून पापडापासून पॅकिंगपर्यंत जे काम करतात, त्याची नोंद किती रोजमेळांत असते, हा विचार या पानावर मनात आल्यावाचून राहत नाही.

शिंपी हा गावातील सर्वांत महागडा कारागीर निघतो. पेल्लेने गवत गोळा करायचे, सरपण आणायचे आणि डुकरांना खायला घालायचे, अशी तीन कामे एका शिलाईसाठी. शनिवारी संध्याकाळी कपडे तयार होतात.

एल्सा बेस्कोव्ह यांचा जन्म १८७४ साली स्टॉकहोमचा. वडील व्यापारी होते. एल्सा पौगंडावस्थेत असतानाच त्यांचे निधन झाले आणि आई मुलांना घेऊन आपल्या अविवाहित भावंडांच्या घरी राहावयास गेली. कर्ता पुरुष गेल्यावर व्यापारी कुटुंबाची घडी कशी विस्कटते, हे वेगळे सांगावयास नको. मामा आणि मावश्यांच्या त्या घरानेच एल्सा यांना घडवले; पुढे त्यांच्या पुस्तकांतून हिरव्या, तपकिरी व जांभळ्या पोशाखातील तीन मावश्या आणि निळ्या कोटातील काका अजरामर झाले, त्यांचे मूळ या घरात होते. स्टॉकहोमच्या तंत्रशाळेत चित्रकला शिकून त्यांनी १८९७ साली पहिले पुस्तक काढले. त्याच वर्षी नतानाएल बेस्कोव्ह यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सहा मुलगे वाढवीत त्या अखेरपर्यंत लिहीत आणि रंगवीत राहिल्या. १९५३ साली त्यांचे निधन झाले. १९५८ पासून स्वीडनमध्ये उत्तम चित्रकारास त्यांच्या नावाचे मानचिन्ह दिले जाते. घर आणि कुंचला दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीने आईच्या मागाचे पान असे लिहावे, यात नवल नाही.

याच वाटेवरील आणखी एक पुस्तक अमेरिकेचे टोमी डी पाओला यांचे, १९७३ सालचे. त्यातील चार्ली नावाचा मेंढपाळ आपला लाल झगा कातरणीपासून शिवणीपर्यंत सर्वस्वी एकटाच तयार करतो आणि त्याची एक खोडकर मेंढी पावलोपावली आडवी येते. मुले खळखळून हसतात, लोकरीच्या पायऱ्या बिनचूक शिकतात. मात्र चार्लीला कोणाकडे जावे लागत नाही, म्हणून त्याच्या गोष्टीत गाव नाही.

गाव आहे, आणि फार वेगळे आहे, ते ‘अ‍ॅनासाठी नवा कोट’ या १९८६ सालच्या पुस्तकात. शब्द हॅरिएट झीफर्ट यांचे आणि चित्रे अनिता लोबेल यांची. महायुद्ध संपलेले आहे. अ‍ॅनाचा कोट विटला आहे, तिला अपुरा झाला आहे. दुकाने रिकामी आहेत आणि आईजवळ पैसे नाहीत. आई शेतकऱ्याला आजोबांचे सोन्याचे घड्याळ देऊ करते आणि बदल्यात कोटापुरती लोकर मागते. शेतकरी कबूल होतो. पण मेंढ्या वसंतात कातरल्या जाणार, तोवर थांबावे लागेल. तोवर अ‍ॅना मेंढ्यांना भेटायला जाते, त्यांना गवत घालते. वसंतात लोकर हाती येते. सूत कातणाऱ्या म्हातारीला एक सुंदर दिवा मिळतो. चेरी पिकतील तेव्हा सूत न्यायला या, असा तिचा वायदा. उन्हाळा सरताना मायलेकी रानातून लाल बोरे वेचून आणतात आणि सूत रंगवतात. विणकरणीला रत्नांची माळ जाते, शिंप्याला चिनी मातीची किटली. हिवाळा पुन्हा उंबरठ्यावर येतो तेव्हा कोठे अ‍ॅनाच्या अंगावर लाल कोट चढतो.

सोने तारण ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हे पुस्तक वाचताना गलबलून येईल. शांततेच्या काळात कोणताही सराफ या सौद्याला हसला असता; सोन्याचे घड्याळ आणि एक पिशवी लोकर! पण पैशावरचा विश्वास उडाला की वस्तूंची किंमत गरजेवर ठरते. युद्धानंतरच्या जर्मनीत जुन्या मार्कला कोणी विचारीत नव्हते, काळ्या बाजारात सिगारेटीच चलन झाल्या होत्या. जून १९४८ मध्ये नवा मार्क आला तेव्हा रिकामी दुकाने पुन्हा भरू लागली. अ‍ॅनाच्या आईने जे दिले ते बाजारभावाने फार होते. मुलीच्या अंगातील थंडीच्या भावाने नव्हते. आणि ज्यांनी घेतले त्यांनीही नाडले असे पुस्तक कोठे म्हणत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी, म्हातारी, विणकरीण आणि शिंपी हे सारे अ‍ॅनाच्या घरी पाहुणे म्हणून येतात.

हे चित्रित करणाऱ्या अनिता लोबेल यांनी तो काळ स्वतः भोगलेला. १९३४ साली पोलंडच्या क्राकूव्ह शहरात ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दाईच्या आश्रयाने त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ वर्षानुवर्षे लपत राहिले, शेवटी पकडले गेले आणि नाझींच्या छळछावण्यांत गेले. १९४५ साली सुटका झाल्यावर या भावंडांना उपचारासाठी नेण्यात आले ते स्वीडनमध्ये, पेल्लेच्या देशात. ही हकीकत त्यांनी १९९८ साली आत्मकथनात सांगितली. अ‍ॅनाच्या पुस्तकातील पडक्या घरांवरून नजर फिरवताना हे ठाऊक असलेले बरे.

कोकरापासून कोटापर्यंतची ही साखळी महाराष्ट्राला परकी नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांतील घोंगडे याच वाटेने तयार होत आले. धनगराच्या मेंढ्यांची लोकर कातरायची, पिंजायची, बायकांनी तिचे सूत कातायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि सणगराने खड्ड्याच्या मागावर विणायचे. यात पेल्लेची होडी बहुधा लागत नाही. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी, तिला बाजारचा रंग कशाला? कोकराच्या पहिल्या कातरणीला जावळ म्हणतात, बाळाच्या पहिल्या केसांना म्हणतात तेच, आणि जावळाचे घोंगडे सर्वांत मऊ. पिके निघाल्यावर शेतकरी धनगराचा कळप आपल्या रानात बसवतात. मेंढ्यांची लेंडी रानाला मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य वा पैसे. पेल्लेच्या आजीला हा सौदा एका शब्दात समजला असता. बलुत्याचा हिशेब मात्र खळ्यावर, वर्षाकाठी व्हायचा आणि त्यात कोणाला किती मिळावे हे जातीने ठरायचे. पेल्लेच्या गावात दोन्ही बाजू समोरासमोर बोलून अट ठरवतात. मुलांना घोंगड्याची कथा सांगताना हा फरक गाळू नये.

जैन घरातील मुलाला लोकर नवी नसते. श्वेतांबर घरांत सामायिकासाठी अंथरायचे कटासणे लोकरीचे असते, साधुसाध्वींचा ओघाही लोकरीचा. त्यामुळे कोकराला दुखले का, हा प्रश्न ते मूल पहिल्याच पानावर विचारील, आणि त्याचे उत्तर देता येते: नीट कातरले तर दुखत नाही, लोकर पुन्हा उगवते. शिंप्याच्या पानावरचा प्रश्न अवघड आहे. डुकरे कशासाठी पाळतात? येथे पान पटकन उलटण्याचा मोह होतो. पुस्तकाने जे सांगितलेले नाही, ते वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. मेंढ्यांच्या कळपाचेही एक दुसरे गिऱ्हाईक असते आणि ते लोकरीचे नसते. मुलाच्या वयाला पेलेल एवढे खरे सांगावे. खोटे सांगून वाचलेले पुस्तक मूल मोठेपणी पुन्हा विश्वासाने उघडत नाही.

कापडाच्या व्यवसायातील कुटुंबांपुढे तर प्रश्न आणखी जवळचा आहे. लुधियानाच्या गिरण्यांत ऑस्ट्रेलियाची मेरिनो लोकर मोठ्या प्रमाणावर येते. स्वेटर, शाली आणि सुटाचे कापड होऊन ती देशभरच्या दुकानांत जाते. मेरिनो मेंढीच्या शेपटीखालील कातडीच्या वळ्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या तिला जिवंतपणी पोखरतात. ते टाळण्यासाठी तेथील अनेक मेंढपाळ कोकराच्या मागील भागाची कातडीच कापून काढतात. या प्रकाराला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ साली त्यावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियात तो अजून चालतो. म्यूलसिंग न केलेल्या मेंढ्यांची लोकर वेगळ्या नोंदीने बाजारात मिळते. पुरवठादाराला तेवढे विचारण्यास काही खर्च येत नाही, आणि चार घाऊक व्यापाऱ्यांनी विचारले की पुरवठादारही वर विचारू लागतो. पेल्लेला हे विचारावे लागले नाही, कारण त्याचे कोकरू कुंपणाआड उभे होते.

राहता राहिले त्याच कोकराचे खाते. पेल्लेच्या खतावणीत दोन्ही आज्या, रंगारी, आई, शिंपी यांची पाने चुकती झाली. कोकराच्या पानावर पेल्लेच्या नावे सारी लोकर पडली आहे आणि समोर जमेला काहीच दिसत नाही. जाणता हिशेबनीस मात्र पहिल्या पानाकडे परत जाईल. कोकराची निगा पेल्ले एकटाच राखीत असे, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. दररोजचा चारा, पाणी, राखण हे सारे आगाऊ जमा झालेले आहे. म्हणजे हेही खाते मिटले. अ‍ॅनाचेही तसेच, तिने मेंढ्यांना आधीच गवत घातलेले होते. तरी ती नाताळच्या दिवशी लाल कोट घालून कुंपणाशी जाते आणि मेंढ्यांना कोट दाखवते.

बाकी शून्य असलेल्या खातेदाराकडे कोणी रविवारी सकाळी नवे कपडे घालून जात नाही. पेल्ले जातो. नव्या निळ्या कपड्यांबद्दल तो कोकराचे आभार मानतो. कोकरू बें करते आणि ते बरेचसे हसल्यासारखे ऐकू येते.